जुनी मोटार आणि वीस टक्के इथेनॉल

पंपावर साधे पेट्रोल म्हणून जे मिळते, त्यात आता सुमारे एक पंचमांश इथेनॉल असते. हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे मिश्रणाचे पहिले प्रयोग झाले. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल, निवडक पंपांवर आले. २०२५ पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे पोहोचले. ब्रिटनने २०२१ मध्ये ई-१० आणले तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई-५ हा महाग, पण सहज मिळणारा पर्याय कायम ठेवला. भारतात तशी सोय नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलही पंपांवर मिळावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. जुनी गाडी ठेवायची तर ती याच इंधनावर चालवावी लागणार, हे धरून चालणे बरे.

ई-२०ने इंजिन बसते, हे ऐकीव भय आहे. पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँक या भागांना वीस टक्के इथेनॉलपासून फारसा धोका नाही. धोका आहे तो टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या वाटेला, तिथल्या रबराला आणि गाडी उभी राहण्याच्या सवयीला. त्यामुळे खर्च कुठे करायचा आणि कुठे टाळायचा, हे ठरवणे सोपे जाते.

कोणती गाडी किती जुनी

सरकारी आराखड्यानुसार एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे इंधनाशी संबंध येणारे भाग ई-२० सोसतील असे असायला हवेत आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनाचे ट्यूनिंगही त्या इंधनाला धरून. त्याआधीच्या गाड्यांचे ढोबळ तीन गट पडतात. २०१० नंतरच्या, बीएस-४ आणि बीएस-६ इंजिनांच्या गाड्यांना फार काही करावे लागत नाही. मालकपुस्तिका आणि टाकीच्या झाकणावरची खूण पाहावी आणि सर्व्हिसिंगच्या वेळी पाइप तपासून घ्यावेत, इतके पुरते. त्याआधीच्या दहा वर्षांतल्या पहिल्या पिढीच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाड्यांकडे थोडे अधिक लक्ष हवे. खरी काळजी घ्यायची ती कार्ब्युरेटरच्या गाड्यांची: पद्मिनी, अॅम्बॅसेडर, जुनी मारुती ८०० आणि ओम्नी. या गाड्यांचे नळ्या-पडदे-पॅकिंग ज्या काळात ठरले, त्या काळात भारतातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतेच.

गाडी किती साली बनली याइतकेच ती किती चालते हेही महत्त्वाचे आहे. रोज चाळीस किलोमीटर धावणारी पंचवीस वर्षांची मारुती, शेडमध्ये झाकून ठेवलेल्या दहा वर्षांच्या सेडानपेक्षा बहुधा सुखात असते. त्याचे कारण पुढे येईल.

रबर, प्लास्टिक, धातू

इथेनॉल हे द्रावक आहे. जुन्या गाड्यांतल्या नैसर्गिक रबरात आणि साध्या नायट्राइल रबरात ते शिरते, रबर फुगवते आणि मऊ करते. गाडी काही आठवडे उभी राहिली की तेच रबर सुकते, आकसते आणि त्याला बारीक चिरा पडतात. हे चक्र काही वेळा झाले की पाइप वरून ठीक दिसतो, पण क्लिपजवळ दाबला तर चिरा उघडतात. पेट्रोलचा वास येऊ लागतो तो इथूनच. बॉनेटखाली गरम एक्झॉस्टजवळ गळणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण, म्हणून या कामात दिरंगाई चालत नाही. बाकी बहुतेक कामे पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबली तरी चालतील.

तपासणी हाताने करता येते. इंजिन पूर्ण गार असताना पेट्रोलच्या प्रत्येक रबरी पाइपाचे टोक दोन बोटांत दाबून वाकवावे. चांगला पाइप दाबताच परत आकारात येतो. चिकट, लिबलिबीत लागणारा किंवा वाकवल्यावर केसासारख्या भेगा दाखवणारा पाइप बदलावा. जिथे क्लिप घट्ट बसते तिथेच पाइप आधी जातो, म्हणून क्लिप मागे सरकवून खालचा भाग पाहावा. बाहेर दिसणारी लांबी चांगली असली तरी टोकाचा दोन सेंटिमीटर भाग कुजलेला असू शकतो. लोखंडी नळीवर रबर जिथे चढते, तिथे ओलसर काळा डाग दिसला तर गळती सुरू झालेली असते.

नवा पाइप घेताना ऑटोमोबाइलच्या दुकानात मीटरवर मिळणारा साधा काळा पाइप घेऊ नये. त्यावर काहीच छापलेले नसेल तर तो कशाचा आहे हे दुकानदारालाही माहीत नसते. एसएई जे-३० आर-९ अशी खूण असलेला पाइप घ्यावा. त्याचे आतले अस्तर फ्लुओरोइलॅस्टोमरचे असते आणि इथेनॉलला ते पुरून उरते. ज्या गाड्यांत पंप टाकीच्या आत बुडालेला असतो, तिथल्या छोट्या जोडनळीसाठी मात्र आर-९ चालत नाही, कारण त्याचे बाहेरचे आवरण पेट्रोलात बुडवून ठेवण्यासाठी नसते. तिथे आर-१० लागतो. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिकचा पाइप घालण्याची आपल्याकडे फार सवय आहे. फिल्टरमधून पेट्रोल येताना दिसते, हे त्याचे आकर्षण. हा पाइप काही महिन्यांत पिवळा पडतो, कडक होतो आणि क्लिपखाली तडकतो. ई-२०च्या गाडीत तो ठेवू नयेच.

पाइपांनंतर पाहायचा तो यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम. तो ताणला किंवा फाटला की पेट्रोल पुरेसे वर चढत नाही, आणि काही पंपांत ते खाली इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइलची दांडी काढून वास घ्यावा. ऑइल पातळ आणि पातळी आधीपेक्षा वर गेलेली दिसली तर गाडी चालवू नये. पंपाचा दुरुस्ती संच घेताना त्यातला पडदा इथेनॉलला चालणारा आहे का, हे विचारून घ्यावे. फ्लोट चेंबरमध्ये रबरी टोकाची नीडल असते. तिचे टोक फुगले की पेट्रोल कमी येते आणि चुरगळले की कार्ब्युरेटर भरून वाहू लागतो. कॉर्कची पॅकिंग असेल तर ती बदलून टाकावी.

धातूंची गोष्ट सावकाश घडते. जुन्या कार्ब्युरेटरचा साचा जस्त-मिश्रधातूचा असतो आणि काही जुन्या टाक्यांच्या आत शिसे-कथिलाचा मुलामा असतो. पाणी मिसळलेले इथेनॉल दोन्ही खाते. पांढुरकी, खडूसारखी भुकटी फ्लोट चेंबरच्या तळाशी दिसली की ती जस्ताची झीज समजावी. कोरडी गाडी नियमित चालत असेल तर हे फार वाढत नाही.

द्रावकपणाचा आणखी एक परिणाम असा की वर्षानुवर्षे टाकीच्या भिंतीला चिकटलेला राळेसारखा थर ई-२० सोडवते. तो थर फिल्टरमध्ये येऊन अडकतो. गाडीत पहिल्यांदाच ई-२० भरले असेल, किंवा फार दिवसांनी गाडी पुन्हा चालू केली असेल, तर पहिल्या हजारेक किलोमीटरच्या आत फिल्टर बदलावा आणि जुना फिल्टर कापून आतला गाळ पाहावा. तपकिरी चिखलासारखा गाळ निघाला तर टाकी उतरवून धुणे स्वस्त पडते. ज्या टाक्यांना गळतीमुळे कधी काळी आतून इपॉक्सीचा लेप दिला असेल, त्यांचा लेप सालपटासारखा सुटू शकतो. असे सालपट पंपाच्या जाळीवर येऊन बसले की गाडी वेगात असतानाच दम सोडते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरळीत चालते. असा दोष शोधताना मेकॅनिक हमखास कॉइल बदलायला निघतात.

मिश्रण पातळ होण्याचा प्रश्न

शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ पट. ई-२०साठी हा आकडा १३.५च्या आसपास येतो. इंजेक्शनच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर ही तफावत ओळखतो आणि संगणक पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. ही वाढ आठ-नऊ टक्क्यांची असते आणि संगणकाच्या आवाक्यात बसते. फक्त सेन्सर पंधरा-वीस वर्षांचा आणि सुस्त झाला असेल, किंवा कुठे हवा चोरून शिरत असेल, तर इंजिनचा दिवा लागतो. तेव्हा दोष इथेनॉलच्या माथी मारण्याआधी सेन्सर आणि हवेचे पाइप पाहावेत.

कार्ब्युरेटरला डोळे नसतात. जेटच्या भोकातून जेवढे पेट्रोल येते तेवढेच येते, आणि त्याला आता कमी हवा हवी असताना हवा मात्र पूर्वीइतकीच मिळते. मिश्रण पातळ होते. लक्षणे ओळखीची आहेत: सकाळी चोक लांबवावा लागतो, स्लो कमी-जास्त होतो, अॅक्सिलरेटर एकदम दाबला की गाडी आधी अडखळते आणि मग धावते, कधी कार्ब्युरेटरमधून फट्ट असा आवाज येतो. प्लग काढून पाहावा. बिस्किटी रंगाचा असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे. घाटात भरल्या गाडीने लांब चढ चढताना ही अवस्था इंजिन तापवते, म्हणून तिच्याकडे कानाडोळा करू नये.

उपाय स्वस्त आहे. आधी स्लोचा मिक्श्चर स्क्रू पाव-अर्धा फेरा सैल करून पाहावा. वेगात असतानाही अडखळत असेल तर मुख्य जेट एक पायरी मोठे घालावे. सोलेक्स धर्तीच्या कार्ब्युरेटरमध्ये जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. १२०च्या जागी १२५ घातले तर भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते, १२२.५ने चार टक्क्यांच्या वर. ई-२०साठी हव्या असलेल्या आठ-नऊ टक्क्यांच्या जवळ पहिला पर्याय बसतो, दुसरा अलीकडे राहतो. आधी लहान पायरी घालून प्लग पाहावा, मग ठरवावे. तारेने किंवा बारीक ड्रिलने भोक मोठे करण्याची गॅरेजातली युक्ती करू देऊ नये, कारण भोक गोल राहत नाही आणि पुन्हा मूळ मापावर येता येत नाही. जेट बदलल्यावर पीयूसी करून कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पाहिला की मिश्रण जास्त घट्ट झाले का, हेही आपोआप कळते.

उन्हाळ्यात दुसरी एक अडचण येते. इथेनॉल मिसळले की पेट्रोलच्या बाष्पाचा दाब वाढतो आणि यांत्रिक पंपात किंवा गरम नळीत वाफ कोंडून गाडी बंद पडते. विदर्भातल्या मे महिन्यात, सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत हे हमखास घडते. पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुना ड्रायव्हरी उपाय अजूनही चालतो. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे आणि कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक स्पेसर शाबूत आहे का, ते पाहणे.

ई-२०चा ऑक्टेन आकडा जास्त असतो ही गोष्ट खरी. भारतीय मानकात तो किमान ९५ आहे. पण कमी कॉम्प्रेशनच्या जुन्या इंजिनाला त्याचा फारसा लाभ घेता येत नाही. ठिणगीची वेळ थोडी पुढे नेऊन पिकअप किंचित सुधारते, इतकेच.

अॅव्हरेज किती घटते

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२०मध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यानेही, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या चारचाकींच्या बाबतीत सहा ते सात टक्के घट धरली होती. तेव्हा लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी चौदाच्या आसपास येईल. हजार किलोमीटरला सुमारे पावणेपाच लिटर जास्त लागतील, लिटर १०४ रुपयांना धरला तर पाचशे रुपयांच्या आत.

यातही एक मेख आहे. २०२२ पासून बहुतेक गाड्या ई-१०वर चालतच होत्या, म्हणजे घटीचा निम्मा वाटा आधीच पचलेला आहे. गेल्या काही महिन्यांत गाडीचे अॅव्हरेज एक पंचमांशाने घसरले असेल, तर ते फक्त इथेनॉलमुळे झालेले नाही. टायरमधली हवा, घासणारे ब्रेक, घसरणारा क्लच, काळवंडलेला एअर फिल्टर हे जुने गुन्हेगार आधी तपासावेत. इंधनाचा हिशेब टाकी पूर्ण भरून, किलोमीटर लिहून, पुन्हा पूर्ण भरताना लागलेल्या लिटरांवरून करावा, आणि तो एकाच पंपावर सलग तीन-चार वेळा. काट्यावरून काढलेल्या अॅव्हरेजला अर्थ नसतो.

पाणी आणि उभी गाडी

जुन्या गाडीचे सर्वाधिक नुकसान इथे होते. पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही. टाकीत थोडे पाणी गेले तर ते तळाशी वेगळे बसते. इथेनॉल मात्र पाणी स्वतःत मिसळून घेते, आणि एका मर्यादेपर्यंत ही सोयीची गोष्ट असते, कारण ते पाणी इंजिनातून जळून जाते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी जातात. ई-१०मध्ये ही मर्यादा १५ अंशांना सुमारे अर्धा टक्का आहे, म्हणजे चाळीस लिटरच्या टाकीत दोनशे मिलिलिटर. ई-२० त्याहून थोडे जास्त पाणी सोसते, पण थंडीत मर्यादा खाली येते. टाकीची नळी तळाजवळून ओढते, त्यामुळे पहिला घोट या थराचाच जातो आणि गाडी थांबते. वर उरलेले पेट्रोलही इथेनॉल गेल्याने ऑक्टेनमध्ये उतरलेले असते.

अशा वेळी वरून नवे पेट्रोल ओतून ते पातळ करण्याचा मोह होतो. तो आवरावा. टाकी पूर्ण रिकामी करून, फिल्टर आणि फ्लोट चेंबर साफ करून नवे पेट्रोल भरणे हाच उपाय. पाइपाला तोंड लावून पेट्रोल ओढू नये. हे काम उघड्यावर, बॅटरीचे टर्मिनल काढून, विडी-काडीपासून लांब करावे.

पाणी येते ते बहुतेक वेळा हवेतल्या बाष्पातून नव्हे तर टाकीच्या फुटक्या झाकणातून, गाडी धुताना, किंवा पंपाच्या भूमिगत टाकीतून. झाकणाचा रबरी वॉशर चाळीस-पन्नास रुपयांत येतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात तो फार मोठे नुकसान वाचवतो. मुसळधार पावसात, आणि पंपावर टँकर नुकताच रिकामा झाला असताना, पेट्रोल भरणे शक्यतो टाळावे. तळाचा गाळ आणि पाणी तेव्हाच वर येते.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे आत हवेला आणि ओलाव्याला जागा कमी उरते. तीन महिन्यांहून जास्त थांबणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामे करावे: यांत्रिक पंपाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवले की काम होते. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे सुरू करून ठेवण्याच्या पद्धतीचा उपयोग नाही. इंजिन तापत नाही, ऑइलमध्ये ओलावा साठतो आणि बॅटरी मात्र उतरते. सुरू करायचीच तर पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणावी. फार न चालणाऱ्या गाडीचे ऑइल किलोमीटर मोजून नव्हे, वर्षाला एकदा बदलावे.

सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांचे मालक या बाबतीत नेहमी गाफील असतात. टाकीतले चार-पाच लिटर पेट्रोल सहा-सहा महिने तसेच पडून राहते, टाकीत हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पंप अर्धा उघडा. अशा गाडीत थोडे पेट्रोल भरावे, दर आठवड्याला काही किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवावे आणि पेट्रोलचा काटा तळाशी जाऊ देऊ नये.

मोजून पाहायचे असेल तर

पंपावर फिल्टर पेपरची चाचणी, घनता आणि पाच लिटरचे माप तपासून पाहण्याचा हक्क ग्राहकाला असतो. पण फिल्टर पेपर इथेनॉलचे प्रमाण दाखवत नाही. ते घरी मोजता येते. शंभर मिलिलिटरच्या खुणा असलेल्या काचेच्या नळकांड्यात ५० मिलिलिटर पेट्रोल आणि ५० मिलिलिटर पाणी घ्यावे, बूच लावून हलकेच हलवावे, मधेमधे बूच सैल करून वाफ जाऊ द्यावी आणि दहा मिनिटे उभे ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते. तळाचा पाण्याचा थर ५०च्या जागी ६०च्या आसपास दिसला तर वाढलेले दहा मिलिलिटर म्हणजे ५०चे वीस टक्के. पाणी-इथेनॉल मिसळताना किंचित आकसतात, त्यामुळे आकडा थोडा कमीच येतो. हे मोकळ्या हवेत, शेगडीपासून दूर करावे.

पाणी आत आहे का, हे नुसते पाहून कळत नाही, कारण विरघळलेले पाणी दिसत नाही. काचेच्या बाटलीतला नमुना गढूळ दिसला तर मर्यादा जवळ आलेली असते, तळाशी वेगळा थर दिसला तर ती ओलांडली गेलेली.

प्रीमियम म्हणून विकल्या जाणाऱ्या ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलातही इथेनॉल असते. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. १०० ऑक्टेनचे फार महाग इंधन मोजक्या पंपांवर मिळते. त्यात इथेनॉल आहे का, हे पंपावर विचारून, नमुना वरच्या पद्धतीने मोजून घ्यावा. प्रदर्शनापुरत्या काढल्या जाणाऱ्या विंटेज गाडीला ते परवडू शकते. पाण्याला तोंड देण्यासाठी विकली जाणारी मिश्रणे टाकीतले थोडे पाणी विरघळवतात, पण वेगळा झालेला थर परत जोडत नाहीत आणि कुजलेला पाइप नवा करत नाहीत. त्या बाटलीचे पैसे पाइपांवर घालावेत, आणि नवे पाइप बसवल्यावर गाडी दोन दिवस चालवून प्रत्येक क्लिपजवळ पुन्हा एकदा कोरडा हात फिरवून पाहावा.